इंधनघटातली काळी पूड: प्लॅटिनमला पेलणारा कार्बन

नागपूरचे खासदार आणि केंद्रीय मंत्री नितीन गडकरी मार्च २०२२ मध्ये टोयोटाच्या ‘मिराई’ या हायड्रोजनवर चालणाऱ्या गाडीतून संसदेत गेले, तेव्हा हायड्रोजनची गाडी हा विषय आपल्याकडच्या गप्पांत शिरला. अशा गप्पांत दोन पदार्थांची नावे हटकून निघतात: हायड्रोजन साठवायचा कसा आणि प्लॅटिनम परवडायचे कसे. ते प्लॅटिनम ज्याच्यावर बसवलेले असते, त्या काळ्या कार्बनच्या पुडीबद्दल मात्र फारसे कोणी विचारत नाही. वास्तविक प्लॅटिनम किती लागेल, चढावर गाडीला पुरेशी वीज मिळेल की नाही आणि काही वर्षांनी घटात किती दम उरलेला असेल, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे बऱ्याच अंशी या पुडीत दडलेली असतात.

इंधनघटाचे, म्हणजे फ्युएल सेलचे, काम थोडक्यात असे चालते. मध्ये एक पातळ पटल असते, ज्यातून प्रोटॉन पलीकडे जाऊ शकतात पण इलेक्ट्रॉन जाऊ शकत नाहीत. एका बाजूला, म्हणजे ॲनोडवर, हायड्रोजनचे प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन वेगळे होतात. प्रोटॉन पटलातून सरळ पलीकडे जातात, इलेक्ट्रॉनांना बाहेरच्या तारेतून वळसा घालून जावे लागते, आणि त्या वळशातच आपल्याला वीज मिळते. दुसऱ्या बाजूला, म्हणजे कॅथोडवर, हवेतला ऑक्सिजन या दोघांना भेटतो आणि पाणी तयार होते. सिद्धान्तानुसार अशा एका घटाचा दाब १.२३ व्होल्ट असायला हवा. प्रत्यक्ष भाराखाली तो ०.६ ते ०.७ व्होल्टच्या आसपास येतो. दाबातली ही घसरण मुख्यतः कॅथोडवर होते, कारण ऑक्सिजनच्या रेणूतला दुहेरी बंध तोडणे हे चिवट काम आहे आणि ६० ते ८० अंश सेल्सिअस एवढ्या कमी तापमानाला ते उरकायचे असेल, तर चांगल्या उत्प्रेरकाशिवाय गत्यंतर नसते. आम्लयुक्त वातावरणात टिकून हे काम नीट करणारा धातू म्हणून प्लॅटिनमची निवड झाली आहे.

आता प्लॅटिनमची अडचण पाहू. उत्प्रेरणाचे काम फक्त पृष्ठभागावरचे अणू करतात. आतले अणू नुसते वजन वाढवतात. इतवारीच्या सराफ्यातून एक ग्रॅम प्लॅटिनम आणून त्याचा घनाकृती ठोकळा केला, तर त्याची कड चार मिलिमीटरांपेक्षाही लहान भरेल आणि त्याचे एकूण पृष्ठफळ एक चौरस सेंटिमीटरसुद्धा होणार नाही. तेच एक ग्रॅम प्लॅटिनम तीन नॅनोमीटर व्यासाच्या गोळ्यांत विभागले, तर त्यांचे एकत्रित पृष्ठफळ सुमारे ९३ चौरस मीटर होते, म्हणजे नागपूरच्या एखाद्या लेआउटमधला हजार चौरस फुटांचा अख्खा प्लॉट. हा आकडा कोणीही ताडून पाहू शकतो: प्लॅटिनमची घनता २१.४५ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर आहे, आणि सहा या संख्येला घनता व व्यास यांच्या गुणाकाराने भागले की गोळ्यांचे दर ग्रॅमी पृष्ठफळ मिळते.

मात्र तीन नॅनोमीटरचा गोळा म्हणजे जेमतेम नऊशे-साडेनऊशे अणूंचा पुंजका. असे पुंजके नुसते एकत्र ठेवले, तर ते तसे राहत नाहीत. पृष्ठभाग कमी करण्याकडे त्यांचा नैसर्गिक कल असतो आणि ते एकमेकांना चिकटून मोठे होत जातात. म्हणून त्यांना एकमेकांपासून दूर ठेवून जागच्या जागी धरून ठेवणारे काहीतरी लागते. त्याला आधारद्रव्य म्हणतात. त्याच्याकडून आणखीही पुष्कळ अपेक्षा असतात. त्यातून वीज सहज वाहिली पाहिजे, कारण प्रत्येक पुंजक्यापर्यंत इलेक्ट्रॉन त्याच्यामधूनच पोहोचणार असतात. ते सच्छिद्र असले पाहिजे, म्हणजे ऑक्सिजन आत येईल आणि पाणी बाहेर पडेल. पटल आणि त्याच्याच जातीचा आयोनोमर, म्हणजे उत्प्रेरकाच्या थरात मिसळलेला प्रोटॉनवाहक बहुवारिक, हे दोन्ही तीव्र आम्लासारखे वागतात, त्यामुळे त्या आम्लात ते विरघळता कामा नये. या शेवटच्या अटीवर बहुतेक स्वस्त धातू बाद होतात. ते नुसते झिजतात एवढेच नाही, तर त्यांचे आयन पटलात शिरून प्रोटॉनांच्या जागा अडवतात. टायटॅनियमसारख्या धातूंची ऑक्साइडे आम्लात टिकतात, पण त्यांच्यातून वीज नीट वाहत नाही. सगळ्या अटी बऱ्यापैकी पुऱ्या करणारा, हलका आणि स्वस्त पदार्थ म्हणून कार्बन उरतो. जाता जाता त्याचा आणखी एक सोयीचा गुण सांगायला हवा: घट निकामी झाल्यावर कार्बन जाळून टाकता येतो आणि मागे उरलेल्या अवशेषातून प्लॅटिनम परत मिळवता येते.

सर्वांत जास्त वापरला जाणारा आधार म्हणजे कार्बन ब्लॅक, टायर काळे असण्याचे जे कारण तोच. जड तेल किंवा डांबरापासून मिळणारी द्रव्ये अपुऱ्या हवेत भट्टीत जाळली की तो तयार होतो. म्हणजे मूळ स्वरूपात ती नियंत्रित रीतीने धरलेली काजळीच असते. त्याचे प्राथमिक कण काही दशक नॅनोमीटरांचे असतात आणि ते एकमेकांना चिकटून द्राक्षांच्या घडासारख्या साखळ्या बनतात. या साखळ्यांमधल्या मोकळ्या जागेतून वायूची ये-जा होते. व्हल्कन एक्ससी-७२ या नावाचा कार्बन ब्लॅक संशोधनात इतका रुळलेला आहे की नवा आधार बनवणारा प्रत्येक जण तुलनेसाठी त्याचाच आधार घेतो. त्याचे पृष्ठफळ दर ग्रॅमला सुमारे २५० चौरस मीटर असते. केचेनब्लॅक नावाच्या प्रकाराचे पृष्ठफळ ८०० चौरस मीटर आणि त्याच्या एका वाणाचे तर त्याहूनही बरेच जास्त असते.

या आकड्यांचा व्यवहारातला अर्थ काय, हे थोडे हिशेब करून पाहण्यासारखे आहे. वजनाने ४० टक्के प्लॅटिनम आणि ६० टक्के कार्बन असा उत्प्रेरक घेतला आणि प्लॅटिनमचे सगळे गोळे तीन नॅनोमीटरचे धरले, तर २५० चौरस मीटरच्या कार्बनवर प्रत्येक गोळ्याच्या वाट्याला साधारण ११४ चौरस नॅनोमीटर जागा येते, म्हणजे शेजारच्या गोळ्याचे केंद्र दहा-अकरा नॅनोमीटरांवर येते. दोन गोळ्यांमधली मोकळी फट जेमतेम सात-आठ नॅनोमीटर. तोच हिशेब ८०० चौरस मीटरच्या कार्बनसाठी केला तर केंद्रांमधले अंतर एकोणीस नॅनोमीटरपर्यंत वाढते. अंतर जास्त असेल तर गोळे सरकून एकमेकांना मिळण्याची शक्यता कमी राहते, आणि थर पातळ ठेवूनही पुरेसे प्लॅटिनम बसवता येते. एवढ्यावरून पृष्ठफळ जितके जास्त तितके बरे, असा निष्कर्ष काढावासा वाटतो, आणि प्रकाशित होणाऱ्या अनेक शोधनिबंधांत तो काढलेलाही दिसतो. माझ्या मते या विषयातली सर्वांत मोठी दिशाभूल याच एका आकड्याने होते.

त्याचे कारण असे की कार्बन घटात मुळात सुरक्षित नसतो. पाण्याच्या सान्निध्यात कार्बनचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर होण्यासाठी, हायड्रोजन इलेक्ट्रोडला शून्य धरून मोजलेला, फक्त ०.२०७ व्होल्टचा दाब पुरतो. कॅथोडचा दाब नेहमीच्या वापरात ०.६ व्होल्टच्या वर असतो. म्हणजे ऊर्जेच्या हिशेबाने पाहिले तर कॅथोडवरचा कार्बन प्रत्येक क्षणी वायू होऊन उडून जायला तयार असतो. तो तसा उडत नाही, याचे श्रेय ही क्रिया अत्यंत संथ असण्याला आहे. दाब एक व्होल्टच्या पुढे गेला, तापमान वाढले किंवा जवळ प्लॅटिनम असले की हा संथपणा कमी होतो. कार्बन झिजला की त्यावरचे गोळे सुटतात, एकमेकांना मिळतात किंवा वीजवाहक जाळ्यापासून तुटतात, आणि तुटलेले प्लॅटिनम घटात असूनही कामाचे राहत नाही. शिवाय साखळ्यांचा सांगाडा खचला की मधली छिद्रे मिटतात आणि तयार झालेले पाणी तिथेच तुंबते.

दाब एक व्होल्टच्या पुढे जातो कधी, हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण गाडी चालू असताना तो सहसा जात नाही. तो जातो गाडी सुरू आणि बंद करताना, आणि यामागची यंत्रणा मोठी चमत्कारिक आहे. गाडी बराच वेळ उभी राहिली की ॲनोडच्या बाजूलाही हळूहळू हवा शिरते. पुन्हा सुरू करताना तिथे हायड्रोजन सोडला जातो, आणि काही क्षण अशी स्थिती येते की ॲनोडच्या अर्ध्या भागात हायड्रोजन आहे व उरलेल्या अर्ध्यात अजून हवाच आहे. हायड्रोजन असलेला भाग नेहमीच्या घटासारखा चालू लागतो आणि उरलेल्या भागाला विजेच्या दृष्टीने आपल्यामागे ओढतो. हवा असलेल्या भागासमोर जो कॅथोड असतो, त्याचा दाब त्यामुळे १.४ ते १.५ व्होल्टपर्यंत चढू शकतो. त्या ठिकाणी ऑक्सिजन घेण्याऐवजी इलेक्ट्रॉन देण्याची पाळी येते, आणि ते देण्यासाठी कार्बन स्वतः जळतो. ही स्थिती काही सेकंदच टिकते, पण शहरातली गाडी दिवसातून अनेकदा थांबते आणि सुरू होते. एखाद्या ठिकाणी हायड्रोजन कमी पडला, म्हणजे एखादा मार्ग पाण्याने तुंबला, तरी अशीच नासधूस होते. तेव्हाही झीज त्या भागासमोरच्या कॅथोडकडच्या कार्बनची होते; अख्ख्या घटालाच हायड्रोजन अपुरा पडला तर मात्र ती ॲनोडकडच्या कार्बनची होते. उत्पादक यावर हायड्रोजन वेगाने सोडणे, उभ्या गाडीत हवा शिरू न देणे, दाब वर चढू लागताच तो जिरवणे असे यांत्रिक उपाय योजतात. तरीही आधारद्रव्य जात्याच चिवट असले, तर या उपायांवरचा भार हलका होतो.

चिवट कार्बन म्हणजे ग्रॅफाइटसारखा कार्बन. कार्बन ब्लॅकमध्ये षट्कोनी जाळीचे छोटे छोटे तुकडे वेडेवाकडे रचलेले असतात, आणि झीज सुरू होते ती या तुकड्यांच्या कडांपासून व दोषांपासून. कार्बन दोन ते तीन हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापवला की तुकडे मोठे होतात, थर एकमेकांना समांतर होतात, त्यांच्यातले अंतर ग्रॅफाइटच्या ०.३३५ नॅनोमीटरच्या जवळ येते आणि उघड्या कडा कमी होतात. असा कार्बन कितीतरी जास्त काळ टिकतो. पण त्याची किंमतही मोजावी लागते: तापवताना पृष्ठफळ घटते, आणि गुळगुळीत थरांवर प्लॅटिनमला पकड मिळत नाही. प्लॅटिनम बसवण्याची नेहमीची रीत म्हणजे क्लोरोप्लॅटिनिक आम्लाच्या द्रावणात कार्बन ढवळायचा आणि मग एखाद्या क्षपणकारकाने धातू बाहेर काढायचा. त्या वेळी हे पुंजके कार्बनच्या कडांवरच्या ऑक्सिजनयुक्त गटांना धरून वाढतात. म्हणून काही जण कार्बन आधी नायट्रिक आम्लात शिजवून असे गट मुद्दाम वाढवतात. गंमत अशी की पुढे झीज सुरू होते तीही याच गटांपासून. पकड आणि टिकाऊपणा यांचे हे भांडण सोडवण्यासाठी कार्बनच्या जाळीत थोडा नायट्रोजन पेरणे हा एक मार्ग आहे. नायट्रोजनच्या जागी प्लॅटिनमला आधार मिळतो आणि जाळी फारशी विस्कटत नाही.

पृष्ठफळाच्या आकड्याने न दिसणारी दुसरी गोष्ट म्हणजे छिद्रांचा आकार. कॅथोडचा थर साधारण दहा मायक्रोमीटर जाडीचा असतो आणि त्यात कार्बन, प्लॅटिनम व आयोनोमर यांचे मिश्रण असते. आयोनोमर प्रोटॉन पोहोचवतो, म्हणून तो प्लॅटिनमजवळ हवा. पण तो प्लॅटिनमला थेट चिकटला तर त्यातले सल्फोनिक गट धातूचा पृष्ठभाग अडवून बसतात आणि उत्प्रेरणाची ताकद घटते. प्लॅटिनम कार्बनच्या आत, छिद्रांमध्ये लपवले तर हा त्रास टळतो, कारण आयोनोमरचे मोठे रेणू बारीक छिद्रांत शिरू शकत नाहीत. आत प्रोटॉन पोहोचतात ते छिद्रांत साठलेल्या पाण्यामधून. मात्र छिद्राचे तोंड फार अरुंद असेल तर ऑक्सिजनही आत पुरेसा पोहोचत नाही, आणि कमी भाराला उत्तम चालणारा घट भार वाढताच कोसळतो. दोन नॅनोमीटरपेक्षा लहान छिद्रांत अडकलेले प्लॅटिनम जवळजवळ वाया गेल्यासारखेच असते. मधला मार्ग म्हणजे चार ते सात नॅनोमीटर तोंडाची, बाहेरून सहज पोहोचता येतील अशी छिद्रे. पहिल्या पिढीच्या, म्हणजे २०१४ च्या मिराईत प्लॅटिनम मुख्यतः भरीव कार्बनच्या बाहेरच्या पृष्ठावर होते. २०२० साली आलेल्या दुसऱ्या पिढीत टोयोटाने मध्यम आकाराच्या छिद्रांचा, म्हणजे मेसोपोरस, कार्बन वापरून बहुतेक प्लॅटिनम आत नेले. गडकरींनी वापरलेली गाडी या दुसऱ्या पिढीची होती.

आतल्या प्लॅटिनमचे काम पाण्यावर अवलंबून असल्यामुळे नागपूरच्या उन्हाळ्याचा येथे संबंध येतो. मे महिन्यात बाहेरचे तापमान ४५ अंशांवर गेले की ७०-८० अंशांना चालणाऱ्या घटाची उष्णता बाहेर टाकायला तीसेक अंशांचाच फरक उरतो, आणि बाहेरची हवाही कोरडी असते. अशा वेळी घट जास्त तापू दिला तर छिद्रांतले पाणी उडते, आणि वाढलेल्या तापमानामुळे कार्बनची झीजही वेगाने होते. थंड देशांत बसवलेले गणित विदर्भात जसेच्या तसे लागू पडणार नाही, एवढे यावरून नक्की म्हणता येते.

कार्बन नॅनोनळ्या आणि ग्रॅफीन यांच्याबद्दल फार लिहावेसे मला वाटत नाही. दोन्हींची जाळी सुबक असते आणि त्यामुळे टिकाऊपणा चांगला असतो, पण नळ्यांवर पकड मिळवण्याचा प्रश्न ग्रॅफाइटसारखाच आहे, आणि ग्रॅफीनचे पत्रे वाळताना एकमेकांवर बसतात व मधली वाट बंद करतात. शिवाय किंमत आहेच.

नागपुरात कार्बनचा विषय निघाला की संत्र्याची साल पुढे येते, आणि त्यात वावगे काही नाही. सालीचे, बांबूचे किंवा पऱ्हाटीचे काय करायचे हा विदर्भातला खरा प्रश्न आहे. सालीचा कोळसा करून तो पोटॅशियम हायड्रॉक्साइडसारख्या रसायनाबरोबर तापवला, तर दर ग्रॅमला हजार चौरस मीटरहून अधिक पृष्ठफळाचा सक्रिय कार्बन मिळतो. पाणी गाळण्यासाठी तो उत्तम. इंधनघटासाठी मात्र त्याच्याकडे तीन प्रश्न घेऊन जावे लागते. पहिला छिद्रांचा: यातली बरीचशी छिद्रे दोन नॅनोमीटरहून लहान असतात, म्हणजे वर सांगितल्याप्रमाणे प्लॅटिनमला निरुपयोगी. दुसरा राखेचा: वनस्पतीत कॅल्शियम, पोटॅशियम, लोह असतात, आणि कार्बन आम्लाने नीट धुतला नाही तर हे आयन पटलात जातात, लोह तर हायड्रोजन पेरॉक्साइडशी मिळून पटलाची साखळी तोडणारे मूलक (रॅडिकल) तयार करते.

तिसरा प्रश्न अधिक खोल आहे आणि त्याचे उत्तर रोझलिंड फ्रँकलिन यांनी १९५१ सालीच दिलेले आहे. डीएनएच्या क्ष-किरण छायाचित्रासाठी आपण त्यांना ओळखतो, पण त्यापूर्वी त्या कोळशावर आणि कार्बनवर काम करत होत्या. त्यांनी दाखवले की कार्बनच्या दोन जाती असतात: एक तापवल्यावर ग्रॅफाइट होणारी आणि दुसरी तीन हजार अंशांपर्यंत तापवूनही न होणारी. पिचसारखे (डांबराच्या घट्ट अवशेषासारखे) पदार्थ तापवताना आधी मऊ होतात, त्यांचे थर सरकून जुळतात आणि ग्रॅफाइट बनते. ज्या पदार्थांत ऑक्सिजन भरपूर असतो ते न वितळता कोळसतात. त्यांचे थर पहिल्यापासूनच आडवेतिडवे बांधले जातात आणि नंतर कितीही तापवले तरी सुटत नाहीत. सेल्युलोज आणि पेक्टिनने भरलेली साल या दुसऱ्या जातीत येते, आणि आपल्या परिसरातल्या वीजकेंद्रांत जळणारा, कोक न होणारा, राखेचे प्रमाण बरेच असलेला दगडी कोळसाही साधारण तिकडेच झुकतो. म्हणजे सालीच्या कार्बनला नुसत्या उष्णतेने चिवटपणा येणार नाही. लोह किंवा निकेल मिसळून कमी तापमानाला काही भागाचे ग्रॅफाइट करता येते, पण मग तेच धातू पूर्णपणे धुऊन काढण्याचे काम वाढते. कोक भट्ट्यांतून निघणारे डांबर मात्र पहिल्या जातीचे आहे, आणि स्थानिक कच्चा माल शोधायचाच असेल तर मी आधी तिकडे वळेन.

हे सर्व असूनही सालीपासून आधारद्रव्य बनवण्याचा प्रयत्न करू नये असे माझे म्हणणे नाही. ते तपासण्याची पद्धत बदलावी एवढेच आहे. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने आधारद्रव्यासाठी ठरवलेली चाचणी सरळ आहे: ८० अंश सेल्सिअसला दाब १.० ते १.५ व्होल्ट असा सेकंदाला ५०० मिलिव्होल्टच्या वेगाने वरखाली करायचा आणि अशी ५,००० आवर्तने घ्यायची. एका आवर्तनाला दोन सेकंद लागतात, म्हणजे आवर्तनांचा सगळा वेळ तीन तासांपेक्षा कमी भरतो. प्लॅटिनमचे सक्रिय पृष्ठफळ आणि मिळणारी वीज सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी मोजली की झीज कळते. प्लॅटिनमचा टिकाऊपणा पाहणारी ०.६ ते ०.९५ व्होल्टमधली ३०,००० आवर्तनांची चाचणी वेगळी आहे, आणि त्या दाबाला कार्बन फारसा झिजत नसल्यामुळे तिच्यात उत्तीर्ण झालेला आधार या पहिल्या चाचणीत नापास होऊ शकतो. प्रयोगशाळेत पर्क्लोरिक आम्लाच्या भांड्यात खोलीच्या तापमानाला केलेली मोजणी तर दोन्हींपेक्षा सौम्य असते, म्हणून सालीचा असो वा डांबराचा, कोणत्याही नव्या कार्बनचे पृष्ठफळ छापताना त्याच्या शेजारी ही ५,००० आवर्तनांनंतरची संख्या आहे का, हे मी आधी पाहतो.